कडू पेंडीचा हिशेब

बेळगावजवळच्या कडोलीच्या एका तरुणानं काय विचारलंय ते आधी सांगतो. अर्थशास्त्रात एम. ए. झालाय, घरी ऊस आणि बटाटा आहे आणि डोक्यात धंदा घोळतोय. त्याचे प्रश्न दोन. तेलबियांच्या पेंडीला माणसाच्या खाण्याबाहेर देशाच्या अर्थव्यवस्थेत नेमकी जागा काय, कारण त्याच्या पुस्तकात 'पशुखाद्य व खत' एवढ्यावर विषय संपलाय. आणि कर्ज काढून निंबोळी-करंजाचा एक्स्पेलर, म्हणजे बी दाबून तेल काढणारं यंत्र, बसवला तर तो धंदा तग धरेल काय.

बेळगावात तेल-पेंडीच्या धंद्यात मला अडतीस वर्षं झाली. वडिलांचा बैलावरचा घाणा होता, मी एक्स्पेलर आणला, मधली सहा वर्षं रसायनानं तेल धुऊन काढणाऱ्या एका सॉल्व्हंट प्लांटवर रात्रपाळीचा केमिस्ट म्हणून काढली. त्या भरवशावर लिहितोय.

तेलबी गाळून उरतो तो चोथा म्हणजे पेंड, पण कुठली ते आधी ठरवू. माझ्या दुकानात गोकाकचं गिऱ्हाईक 'हत्तिकाळ हिंडी' मागतं, निपाणीचं 'सरकी पेंड' म्हणतं. एकदा वऱ्हाडातून बदली होऊन आलेल्या बँकेतल्या साहेबांनी कुंड्यांसाठी 'ढेप' मागितली, तर माझा पोरगा त्यांना गुळाची ढेप दाखवायला निघाला. नाव काही असो, खरा फरक आत तेल किती राहिलंय यात आहे. लाकडी घाण्याच्या पेंडीत १० ते १२ टक्के तेल राहतं, एक्स्पेलरच्या पेंडीत ६ ते ८, आणि हेक्झेन या द्रावकानं तेल धुऊन काढलेल्या पेंडीत, जिला धंद्यात डीओसी म्हणतात, एक टक्क्याहून कमी. गुरं घाण्याची पेंड आवडीनं खातात ती या तेलामुळं. जमिनीला मात्र त्या तेलाचा काडीचा उपयोग नाही. उलट तेलकट पेंड लवकर भिजत नाही आणि उशिरा कुजते. म्हणजे तेल जितकं जास्त निघालं तितकी ती खत म्हणून बरी. घाणेवाल्याला हे ऐकायला आवडत नाही, मलाही आवडत नव्हतं.

अर्थव्यवस्थेचं म्हणाल तर सोयाबीनपासून सुरू करा. १०० किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं १८ किलोच्या आसपास आणि पेंड ८० किलोच्या. फाटकावर 'ऑइल मिल' लिहिलेलं असलं तरी ती पेंडीची गिरणी असते, तेल हा तिचा जोडधंदा. बैलहोंगल-चिकोडीकडं सोयाबीनचा भाव पडला की शेतकरी पामतेलाच्या आयातीला शिव्या घालतो. त्यात खोटं काही नाही, पण भावाचा दुसरा दोर कोंबडीच्या चोचीत असतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोल्ट्रीवाल्यांच्या ओरडीमुळं केंद्रानं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. तेलाच्या नव्हे, पेंडीच्या. लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून आणणारा देश वर्षानुवर्षं पेंड बाहेर विकत आलाय आणि एका वर्षी तीच आणायची पाळी आली.

बाहेर विकण्याचा हा वाद जुना आहे. १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा इंग्रज कृषिरसायनज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आला, देशभर फिरला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. त्याचं म्हणणं साधं होतं. तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, जे पिकानं हवा-पाण्यातून घेतलेलं असतं. जमिनीतून उचललेलं नत्र, स्फुरद, पालाश बी गाळल्यावर पेंडीतच राहतं. तेव्हा तेल विकलंत तर जमिनीचं काही गेलं नाही. अख्खं बी विकलंत तर जमिनीचा कस जहाजात भरून पाठवलात. शेंगदाणा पेंडीत नत्र ७ टक्क्यांच्या आसपास असतं, एरंडीच्या साडेचार, निंबोळीच्या ५, करंजाच्या ४. शेंगदाणा पेंडीचा १० टनांचा एक ट्रक बंदराकडं गेला की ७०० किलो नत्र गेलं. त्याची भरपाई आपण युरियानं करतो, आणि तो युरिया करायला लागणारा गॅस पुन्हा बऱ्याच प्रमाणात बाहेरूनच येतो.

मग शेंगदाणा पेंड थेट शेतात घालावी काय? नाही. माझं मत इथं ठाम आहे. गोड पेंड, म्हणजे शेंगदाणा, सरकी, सोया, करडई, ही आधी गव्हाणीतूनच गेली पाहिजे. गाय जे नत्र खाते त्यातला साधारण पाऊण भाग शेण-मुतातून परत बाहेर येतो. दूध मिळतं आणि खतही फारसं कमी होत नाही. अडचण अशी की त्यातला मोठा वाटा मुतात असतो आणि आमच्या गोठ्यातलं मूत गटारीला जातं. कडोली-यळ्ळूरकडं फरशीचे नवे गोठे झाले तशी ही गळती वाढलीच. पूर्वी मातीची जमीन होती, ती मुरलेली माती वर्षातून एकदा खरवडून शेतात जायची. दोनशे लिटरचं एक पिंप गाडून गोठ्याची नाली त्यात सोडली तर त्यातलं बरंच नत्र शेताला परत मिळतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. ऐकणारे थोडे.

गोड पेंड गव्हाण चुकवून खतात घालायची वेळ एकदाच येते, ती बुरसल्यावर. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले. शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. तिच्यात बुरशीनं तयार केलेलं विष होतं, आज आपण ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतो ते. गाईनं असली पेंड खाल्ली तर ते दुधात उतरतं. पावसात भिजलेलं पोतं उन्हात वाळवून, बुरशी झटकून विकणारे आहेत. वाळवल्यानं विष जात नाही. असली पेंड कंपोस्टच्या खड्ड्यात घालावी.

आता कडू पेंड. पुस्तकातल्या त्या 'व खत'मागं खरी गंमत हिचीच आहे. एरंडी, निंबोळी, करंज, मोह, जट्रोफा (मोगली एरंड). यांच्यात विष आहे म्हणून गाय-कोंबडी त्यांच्या वाटेला जात नाही, म्हणून त्यांचा भाव दुधाशी आणि अंड्याशी बांधलेला नाही. पेंडीचे खाद्याबाहेरचे उपयोग शोधायचे तर आधी हे बघायचं की तिच्यात विष कुठलं आहे.

एरंडीचं विष रायसिन. ते प्रथिन आहे, तेलात उतरत नाही, सगळं पेंडीत राहतं. याची किंमत मी स्वतः मोजलीय. धंद्याच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. एका पावसाळ्यात एरंडी पेंडीची थप्पी सरकी पेंडीच्या शेजारी लावली होती. एक पोतं फुटलं, हमालानं सांडलेलं फावड्यानं गोळा केलं आणि अर्धवट भरलेल्या सरकीच्या पोत्यात ओतलं. दोघंही भुऱ्या-तपकिरी रंगाचे, कोणाला कळणार? चौथ्या दिवशी एक गवळी आला. दोन म्हशींना रक्ताची हगवण, एक आडवी झालेली. ती गेली. म्हशीचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले, आणि तेव्हापासून माझ्याकडं कडू पेंडीची पोती लाल सुतळीनं शिवतात, तिचं फावडं वेगळं आणि गोदामही वेगळं. एरंडीच्या धुळीनं हमालांचे डोळे सुजतात, दमा उठतो, तेव्हा तोंडाला फडकं बांधल्याशिवाय त्या गोदामात कोणी जायचं नाही. शेतात टाकताना हाडांच्या चुऱ्यात मिसळू नका, वासानं कुत्री खातात आणि मरतात.

खत म्हणून मात्र एरंडी पेंड चांगली. जगातलं बहुतेक एरंडतेल भारतातून जातं, त्यात गुजरातचा वाटा सगळ्यात मोठा, आणि मागं राहणारी पेंड दक्षिण कोरिया, तैवानसारखे देश सेंद्रिय खत म्हणून विकत नेतात. निपाणीच्या जुन्या तंबाखूवाल्यांचा तिच्यावर भरवसा होता. तंबाखूला क्लोराइड चालत नाही, पान नीट जळत नाही, म्हणून म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे क्लोराइडवालं पालाशचं खत, ते बांधावरसुद्धा ठेवत नसत. पेंडीच्या बाबतीत ती धास्ती नव्हती.

निंबोळी पेंडीबद्दल मात्र लोकांच्या मनात जास्तच काही आहे, म्हणून थोडं सविस्तर.

तिच्यातले कडू घटक मातीतल्या त्या जिवाणूंना मंद करतात जे अमोनियाचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं, अमोनिया मातीला धरून राहतो. म्हणून युरियात निंबोळी पेंडीची पूड मिसळली तर युरिया जास्त दिवस पुरतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच यावर काम झालं होतं. आम्ही पाच किलो युरियाला एक किलो पूड असं सांगायचो आणि खानापूरकडचे भातवाले ओल्या पोत्यावर ते कालवून रात्रभर ठेवायचे. २०१५ मध्ये केंद्रानं देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला आणि पेंडीचं ते गिऱ्हाईक संपलं. त्या सक्तीमागं दुसरंही कारण होतं. अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या सरसाच्या कारखान्यांत जात होता, तो थांबवायचा होता.

निव्वळ नत्रासाठी निंबोळी पेंड घेणं परवडत नाही, हे मी स्वतः विकत असूनही सांगतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात नत्र २० किलोच्या थोडं वर, आणि पोतं पावणेतीनशे रुपयांच्या आत. तेवढं नत्र निंबोळी पेंडीतून द्यायचं तर ४०० किलोहून अधिक, म्हणजे पन्नास किलोच्या आठ पोत्यांहून थोडं जास्तच. किलोला २५ रुपये धरले तरी दहा हजारांच्या वर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं हे लिहून घ्यावं: देशात पेंडीच्या नत्राची किंमत पेंड ठरवत नाही, युरियाचं अनुदान ठरवतं. उरते ती किंमत कडूपणाची, आणि सेंद्रिय म्हणून विकणाऱ्या मालाची. अथणीकडचे द्राक्षबागायतदार ती मुळांवरच्या गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी घालतात, हळदवाले कंदकुजीच्या भीतीनं ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून घालतात. हे दोन्ही मला पटतं.

ऊसवाले घालतात ते हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीसाठी, आणि तिथं मी हात आखडता घेतो. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबाखाली बॅटरी घेऊन उभे राहा. हुमणीचे भुंगे पाला खायला त्याच झाडावर बसलेले दिसतील. ज्याचा पाला तो भुंगा चवीनं खातो त्याच्या पेंडीची दोन पोती एकरात टाकून जमिनीतली अळी पळेल, अशी हमी कोणी देत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या. फांद्या हलवून भुंगे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकणं हा फुकटचा उपाय जास्त खात्रीचा, आणि नंतर शेणखतातून मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी. पेंड सोबत चालेल, पण एकट्या पेंडीवर विसंबू नका.

भेसळीचं सांगतो. बाजारात 'निंबोळी पेंड' म्हणून जे येतं त्यात बरंच फळासकट दळलेलं असतं, वर गर, टरफल, कधी भुसा, कधी माती. अशा मालात नत्र २-३ टक्क्यांवर येतं. काचेच्या बरणीत मूठभर पूड घाला, पाणी भरा, झाकण लावून हलवा आणि वीस-तीस सेकंद ठेवा. रेती-माती तळाला पांढुरका थर धरून बसते, भुसा वर तरंगतो, खरी पेंड मधेच लोंबकळत राहून हळूहळू खाली येते. मग चिमूटभर जिभेवर. खऱ्या पेंडीचा कडूपणा लगेच कळतो आणि चहा पिऊनही जात नाही. मोहाची पेंड मिसळली असेल तर बरणीत साबणासारखा फेस येतो.

त्या फेसावरून मोहाचा उपयोग आठवला. तो फेस सॅपोनिनचा. माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. म्हणून मत्स्यशेतीवाले तळ्यात बीज सोडायच्या आधी हेक्टरी अडीच टनांपर्यंत मोहाची पेंड टाकून नको असलेले जंगली मासे मारतात. दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि तीच पेंड तळ्याचं खत होते.

जाळण्याबद्दल मात्र मला चीड आहे. २००३ च्या सुमाराला जट्रोफाच्या बायोडिझेलचं वारं आलं, २००९ च्या राष्ट्रीय धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य लिहिलं गेलं. तेव्हा सगळे तेलाबद्दल बोलत होते. १०० किलो बियांत तेल तीस किलो धरलं तर उरलेल्या सत्तर किलोंचं काय, हे कोणी विचारत नव्हतं. जट्रोफाची पेंड विषारी, गुरांना चालत नाही. शेवटी तिच्या कांड्या करून बॉयलरला घालायचे बेत झाले. कांडी जळते छान, पण आतलं नत्र धुराड्यातून जातं. त्यापेक्षा गोबरगॅसच्या टाकीत घाला. एक किलो ओल्या शेणातून ४० लिटरच्या आसपास गॅस मिळतो, पेंडीतून त्याच्या कित्येक पट. आणि नत्र टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीत शिल्लक राहतं, ते शेताला. फक्त एकदम ओतू नका. नत्र जास्त झालं की टाकीत अमोनिया साचतो आणि गॅस बंद पडतो. शेणाबरोबर थोडी थोडी वाढवत न्या. माझ्या मेहुण्यानं उत्साहात एका दिवशी अर्धं पोतं ओतलं, आणि महिनाभर घरच्यांनी चुलीवर स्वयंपाक केला.

जाळायला हरकत नाही अशी एकच, काजूच्या टरफलाची पेंड. चंदगड-खानापूर पट्ट्यात काजू कारखाने आहेत, टरफलातून तेल काढून उरलेला चोथा वीटभट्ट्यांना आणि बॉयलरना जातो. तिच्यात नत्र नावापुरतं. धूर मात्र तिखट, म्हणून भट्टी वस्तीपासून लांब हवी.

सरस, धागा, औषधं हे उपयोग पुस्तकात मोठ्या आवाजात लिहिलेले असतात, टनांत मोजले तर लहान आहेत. शेंगदाणा पेंडीच्या प्रथिनापासून इंग्लंडातल्या आयसीआय कंपनीनं 'आर्डिल' नावाचा लोकरीसारखा धागा काढला, १९५१ मध्ये स्कॉटलंडात कारखाना घातला आणि १९५७ मध्ये बंद केला. नायलॉन-पॉलिस्टरपुढं टिकला नाही. सोयापेंडीच्या सरसानं अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्लायवूड चिकटवायचे. पुढं कृत्रिम राळ आली, आणि आज पेंडीची बारीक पूड त्या राळेत घट्टपणासाठी भरतात. अँटिबायोटिकच्या टाक्यांत जिवाणू-बुरशीला नत्र म्हणून सोयापेंडीचं पीठ घालतात. हा माल थोडा पण किमती, आणि दर्जाची कटकट मोठी. छोट्या गिरणीच्या आवाक्यातलं काम ते नव्हे.

निर्यातीचा एक धोका कागदावर दिसत नाही. पेंडीचा ढीग आतून तापतो. ओल आणि शिल्लक तेल, दोन्ही असली की तापमान आपोआप चढतं. समुद्री वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पेंड आपोआप पेटणाऱ्या मालाच्या वर्गात, ४.२ मध्ये, बसते ती त्यामुळंच, आणि जहाजावर घ्यायच्या आधी तेल व ओलीचा दाखला मागतात. प्लांटवर असताना एका पहाटे गोदामात करपलेल्या भाजणीचा वास आला. वरून थप्पी गार होती. लोखंडी गज आत खुपसून ओढला तर टोकाला हात लावता येईना. त्या दिवशी दोनशे पोती हातोहात बाहेर काढून अंगणात पसरली. गज मी आजही दाराशी ठेवतो.

आता तुमच्या एक्स्पेलरचं. कडोलीत बसून निंबोळी मिळेल असं धरून चालू नका. कडुनिंब आपल्या पूर्वेला, सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक, अथणीच्या कोरड्या पट्ट्यात. करंज ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेला, खानापूरच्या बाजूलाही भरपूर. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा होतात, निंबोळी गळते जूनपासून, नेमकी पावसात, आणि वाळली नाही तर दोन दिवसांत बुरसते. तेव्हा यंत्राच्या आधी वाळवणीची पत्र्याची शेड आणि गर काढायची सोय बघा. करंजाच्या १०० किलो बियांतून एक्स्पेलरनं २५ किलोच्या आसपास तेल निघतं. टरफलासकट निंबोळीतून जेमतेम दहा-बारा. म्हणजे निंबोळीत धंदा पेंडीचाच आहे. कोण घेणार हे ठरल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका. अथणीचे दोन-तीन बागायतदार आणि एखादा खत मिसळणारा, एवढं आधी पक्कं करा. सेंद्रिय खत म्हणून पोत्यात भरून विकायचं तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो, ती धावपळ हंगामाच्या आधी संपवा. यंत्र लहान, सहा बोल्टचंच घ्या, मोठ्या नऊ बोल्टच्या मोहात पडू नका, कारण वर्षातले सात-आठ महिने ते बसून राहणार.

आणि त्या बसलेल्या महिन्यांत शेजारीपाजारी शेंगा घेऊन येतील, "एवढं गाळून दे की रे" म्हणतील. घाणा मोकळा दिसतो, मनात येतं, धुऊन घेतला की झालं. कडू माल गाळलेल्या यंत्रात खाण्याचं तेल एकदाही काढू नका. यंत्राच्या आतल्या पेर आणि पट्ट्यांच्या फटीत अडकलेला चोथा धुऊन निघत नाही, आणि मागं राहणारी पेंड कोणाच्या तरी गव्हाणीत जाते.